फाइल डिलीट होत नाही? जोर लावण्याआधी ती कोणी धरलीय ते शोधा

गिरगावातल्या एका डीटीपीच्या दुकानातून महिन्याकाठी एक फोन ठरलेला. "अरे, ती पीडीएफ जातच नाही रे. येऊन जातोस का?" मी चर्नी रोडला उतरून पोचेपर्यंत काकांनी पंधरा वेळा डिलीट दाबलेलं असतं, मशीन बटण दाबून बंद करून झालेलं असतं, आणि नेटवरून कुठलं तरी 'फाइलचं कुलूप तोडणारं' सॉफ्टवेअर उतरवलेलं असतं. फाइल जागच्या जागी. ब्राउझरला मात्र दोन नवे टूलबार. मी त्याच फोल्डरमधलं प्रिव्ह्यू पेन बंद करतो, डिलीट दाबतो, फाइल जाते. काका चहा मागवतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करतात.

उपाय बहुतेकांना माहीत असतात, पण ते उलट्या क्रमाने केले जातात. सगळ्यात जालीम उपाय आधी आणि साधा उपाय शेवटी. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. मधली पायरी गाळू नका. हे सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून आहे. मेनूतली नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करायचे शब्द मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचे.

१. संदेश वाचा. पूर्ण वाचा.

डिलीट दाबल्यावर जो चौकोन येतो तो वाचायच्या आत नव्वद टक्के लोक कॅन्सल दाबतात. (टक्केवारी माझ्या अनुभवाची, कुठल्या पाहणीची नाही.) आजाराचं नाव त्या चौकोनातच लिहिलेलं असतं. ढोबळमानाने चार प्रकार:

पहिला, 'फाइल इन यूज' किंवा 'द फाइल इज ओपन इन...' आणि पुढे एखाद्या प्रोग्रामचं नाव. म्हणजे फाइल कोणीतरी उघडून धरली आहे. पायरी ३ ते ६ तुमच्यासाठी.

दुसरा, 'यू नीड परमिशन टू परफॉर्म धिस ॲक्शन' किंवा 'ॲक्सेस डिनाइड'. फाइल कोणी धरलेली नाही, पण तुमच्या लॉगिनला ती काढायचा अधिकार नाही. थेट पायरी ७.

तिसरा, 'कुड नॉट फाइंड धिस आयटम', किंवा नाव फार लांब असल्याची तक्रार. फाइल समोर दिसते आणि विंडोज म्हणतं सापडत नाही. भुताटकी नाही, नावाची भानगड आहे. पायरी ८.

चौथा, 'राइट प्रोटेक्टेड' किंवा 'करप्टेड अँड अनरीडेबल'. दुखणं डिस्कचं. पायरी ९.

सावधान: पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचं औषध देऊ नका. वर्डमध्ये उघडी असलेली फाइल 'माझ्या मालकीची' करून घेतली तरी ती वर्डमध्ये उघडीच राहते. यात लोकांचा अर्धा दिवस जातो.

२. तयारी: ही फाइल काढायची का, आणि काढल्यावर परत येईल का

काही गोष्टी विंडोज मुद्दामच काढू देत नाही. सी ड्राइव्हवरची पेजफाइल, हायबरफिल, विंडोज फोल्डरातला विनएसएक्सएस, प्रत्येक ड्राइव्हवरचा सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन: यांच्या वाटेला जाऊ नका. जागा कमी पडतेय म्हणून लोक यांच्यावरच हात टाकतात, कारण त्या आकाराने मोठ्या दिसतात.

'विंडोज डॉट ओल्ड' हा आधीच्या विंडोजचा फोल्डर मात्र काढता येतो, पण हाताने नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करून काढा. आधीच्या विंडोजवर परत जायचं नसेल तरच. नवं विंडोज आल्यापासून १० दिवसांनी विंडोज तो एरवी स्वतःच काढतं.

मग परतीची वाट पाहून ठेवा. साधं डिलीट रिसायकल बिनमध्ये जातं. शिफ्ट दाबून केलेलं डिलीट जात नाही. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: पेनड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरातून काढलेली फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये येतच नाही. गेली ती गेली. फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात असेल तर इथे काढली की क्लाउडमधून आणि दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. घरगुती खात्यात वनड्राइव्हचं स्वतःचं रिसायकल बिन ३० दिवस ठेवतं, ऑफिसच्या खात्यात साधारण ९३ दिवस.

तपासा: फोल्डर जात नसेल तर बहुतेक वेळा अख्खा फोल्डर अडलेला नसतो, आतली एखादी फाइल अडलेली असते. आत जा, सगळं सिलेक्ट करून डिलीट करा, अडेल तिथे 'स्किप' म्हणा. शेवटी जे उरेल तोच गुन्हेगार. दोनशे फाइलींच्या फोल्डरात एक उरली की निम्मं काम झालं.

३. डोळ्यांसमोरचे धरणारे

आधी सगळं सेव्ह करा. मग उघडे प्रोग्राम एकेक करून बंद करा, नुसते खाली टाकू नका. घड्याळाशेजारच्या वर तोंड केलेल्या छोट्या बाणावर क्लिक करून आत कोण लपलंय तेही पाहा. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नसतं. गप्पांची ॲप्स, सिंकवाले, डाउनलोडवाले तिथे बसून राहतात. आता क्रमाने पाहू.

फाइल एक्सप्लोररचं प्रिव्ह्यू पेन. उजवीकडे फाइलचं पान दिसतं ती पट्टी. ऑल्ट आणि पी एकत्र दाबलं की ती जाते. पीडीएफ, वर्ड, एक्सेल यांच्या बाबतीत ही पट्टी फाइल उघडून ठेवते, आणि तुम्ही डिलीट करायला फाइल सिलेक्ट करता तेव्हाच तिचं पान तिथे उघडतं. म्हणजे आपणच धरायचं आणि आपणच ओरडायचं. काकांचा आजार हाच.

वर्डची सावली. फाइलशेजारी तिच्याच नावाची, पण सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलरचं चिन्ह असलेली फिकट फाइल दिसते का? ती लपलेली असते. व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' चालू केलंत की दिसेल. ती असेल तर वर्डच्या लेखी फाइल अजून उघडी आहे, तुमच्याकडे नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर. कधी वर्ड मध्येच कोसळल्यावर ती नुसती मागे राहते. वर्ड सगळीकडे बंद असल्याची खात्री असेल तर ती आधी काढा.

चढवलेली आयएसओ. आयएसओ फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज ती डीव्हीडीसारखी नव्या ड्राइव्हवर चढवतं. दिस पीसीमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, इजेक्ट. तोपर्यंत फाइल जाणार नाही.

काळी विंडो. कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल त्या फोल्डरात उभं असेल तर तो फोल्डर रिकामा असूनही जात नाही. रिकामा फोल्डर जात नाही म्हणून डोकं धरून बसलेले भेटतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हे असतं.

शेवटी एक्सप्लोरर स्वतः. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करून 'रिस्टार्ट' म्हणा. खालचा टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो, घाबरू नका. एखादी मोठी कॉपी चालू असेल तर आधी ती संपू द्या, नाहीतर अर्ध्यावर तुटेल.

४. नाव काढा

इथवर काम झालं नाही तर अंदाज बांधणं थांबवा. फाइल कोणी धरलीय ते विंडोज सांगतं, फक्त विचारावं लागतं.

विंडोजमध्येच असलेलं साधन म्हणजे रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये नाव टाइप करून उघडा. सीपीयू टॅबवर जा, 'असोसिएटेड हँडल्स' हा भाग बाणाने उघडा आणि त्याच्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा एखादा तुकडा टाका. पूर्ण नाव नको, वेगळा ओळखू येईल एवढा भाग पुरे. थोड्या सेकंदांत खाली प्रोग्रामचं नाव आणि त्याचा क्रमांक येतो.

रोज हा त्रास असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज बसवा. फुकट आहे. २०२२ पासून त्यात फाइल लॉकस्मिथ आहे: अडलेल्या फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करायचं, 'अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ' निवडायचं, कोण धरून बसलंय त्यांची यादी येते आणि शेजारीच 'एंड टास्क'. दुसऱ्या लॉगिनमधले किंवा सेवा म्हणून चालणारे प्रोग्राम बघायचे तर तिथूनच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा सुरू करावं लागतं. माझ्या मते घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या माणसाला यापलीकडे काही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर जास्त खोलात जातं, पण त्यातलं 'क्लोज हँडल' हे बटण प्रोग्रामच्या हातातून फाइल त्याला न सांगता ओढून घेतं. प्रोग्राम मग कोसळतो किंवा चुकीच्या जागी लिहितो. ते दाबू नका.

नाव कळल्यावर काय करायचं हे नावावर ठरतं.

वर्ड, एक्सेल, फोटोशॉप असं ओळखीचं नाव असेल पण स्क्रीनवर खिडकी दिसत नसेल, तर टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क'. सेव्ह न केलेलं काम जाईल.

'कॉम सरोगेट' किंवा डीएलएलहोस्ट दिसलं तर विंडोज त्या फोल्डरातली छोटी चित्रं बनवतंय. व्हिडिओंच्या फोल्डरात नेहमीचं. अर्धा मिनिट थांबा, तरी सुटलं नाही तर एंड टास्क चालेल.

वनड्राइव्ह किंवा दुसरं सिंक असेल तर त्याच्या चिन्हावर क्लिक करून 'पॉज सिंकिंग'. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांचा पर्याय मिळतो. दोन तास पुरेसे.

अँटिव्हायरस किंवा सर्च इंडेक्सर असेल तर काही करू नका. चहा घ्या. मोठी झिप फाइल नुकतीच उतरवली असेल तर तपासणीला वेळ लागतो. यासाठी अँटिव्हायरस बंद करणं म्हणजे डास मारायला घराचं दार काढून ठेवणं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर एंड टास्क कधीही नाही. आधी त्यातूनच व्यवस्थित बाहेर पडा. डेटा फाइल लिहिताना तुटली तर तुमची एक फाइल जाईल आणि सीएची झोपही जाईल.

आणि नुसतं 'सिस्टम' असं नाव, क्रमांक ४? तो प्रोग्राम मारता येत नाही आणि मारायचाही नाही. फाइल नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर उघडी असेल तर इथे तिचा धरणारा म्हणून 'सिस्टम'चंच नाव येतं. म्हणजे पुढची पायरी.

५. दुसऱ्या मशीनवर उघडी असेल तर

परळच्या एका ऑफिसात संध्याकाळी सातला एका एक्सेल फाइलसाठी तिघं जण माझी वाट पाहत होते. ती फाइल काढून त्याच नावाची नवी ठेवायची होती. त्यांच्या मशीनवर काहीच उघडं नव्हतं. तीनदा रिस्टार्ट झालेलं. मी ज्या मशीनवर फोल्डर शेअर केला होता तिथे बसलो आणि एका मिनिटात नाव निघालं. अकाउंट्सच्या बाई फाइल उघडी ठेवून, स्क्रीन लॉक करून, केबिनला कुलूप लावून सव्वासहाच्या बदलापूर लोकलने निघून गेल्या होत्या. तोपर्यंत त्या ठाण्याच्याही पुढे गेल्या असतील.

तर, हे काम फोल्डर जिथे आहे त्या मशीनवर करायचं, तुमच्या नाही. स्टार्टवर राइट क्लिक, कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स. फाइलचं नाव आणि 'ॲक्सेस्ड बाय'खाली लॉगिन दिसेल.

आधी त्या माणसाला फोन करा. नंतर 'क्लोज ओपन फाइल'. त्याने काही टाइप करून सेव्ह केलेलं नसेल तर ते त्याच्याकडेच अडकतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलाशी येऊन भांडण होतं. बाईंनी फोन उचलला, "काही बदल नाहीत, बंद करा" म्हणाल्या, दोन क्लिकमध्ये विषय संपला.

तपासा: ऑफिसात सगळे एकाच लॉगिनने शिरत असतील तर 'ॲक्सेस्ड बाय'मध्ये सगळीकडे एकच नाव दिसतं आणि ही पायरी निम्मी फुकट जाते. डाव्या यादीतल्या 'सेशन्स'मध्ये कोणत्या मशीनवरून शिरलेत तेही दिसतं, तिथून ओळखा.

शेअर केलेल्या फोल्डरातली थम्ब्स डॉट डीबी ही फाइल अडत असेल तर ती छोट्या चित्रांची साठवण आहे. कोणीतरी तो फोल्डर चित्रांच्या स्वरूपात उघडून बसलंय. सगळ्यांना तो बंद करायला सांगा.

६. रिस्टार्ट करा. शट डाउन नव्हे.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "मी मशीन बंद करून चालू केलं, तरी तसंच" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन म्हटल्यावर विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर गोठवून ठेवतं आणि सकाळी तेच पुन्हा उचलतं. म्हणजे तुम्ही झोपलात, मशीन झोपलं, धरणारा जागाच. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

रिस्टार्ट झाल्यावर दुसरं काहीही न उघडता थेट त्या फोल्डरात जा आणि डिलीट करा. मध्येच मेल बघू नका. लॉगिन होताच स्वतः सुरू होणारा एखादा प्रोग्राम पुन्हा धरत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात त्याला 'डिसेबल' करा आणि परत एकदा रिस्टार्ट.

७. परवानगीचा प्रश्न: मालकी घेणं

हे बहुतेक वेळा जुन्या हार्डडिस्कच्या बाबतीत होतं. जुनं मशीन गेलं, डिस्क काढून नव्या मशीनला जोडली, त्यातले फोल्डर जात नाहीत. कारण त्यांचा मालक जुन्या विंडोजमधला वापरकर्ता आहे, आणि नवं विंडोज त्याला ओळखत नाही. प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबवर 'अकाउंट अननोन' किंवा एस-१-५-२१ असा सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसला तर नक्की हेच.

आधी बघा: पेनड्राइव्ह असेल आणि सिक्युरिटी हा टॅबच नसेल, तर ती फॅट३२ किंवा एक्सफॅट आहे. तिथे मालकी ही भानगडच नसते. पायरी ९ कडे जा.

ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन करा. मग:

१) फक्त त्याच फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड.

२) वर 'ओनर' समोर 'चेंज'. तुमचं लॉगिन नाव टाका, 'चेक नेम्स' दाबा. मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरत असाल तर नाव चटकन जमत नाही. तेव्हा 'ॲडव्हान्स्ड', मग 'फाइंड नाऊ' दाबून यादीतून स्वतःला निवडा.

३) 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'वर खूण. ही राहिली की वरच्या फोल्डरची मालकी मिळते आणि आतल्या फाइली तशाच अडतात. मग लोक म्हणतात, "हे चालतच नाही."

४) अप्लाय, ओके, आणि प्रॉपर्टीज पूर्ण बंद करा. उघडी ठेवून पुढे गेलात तर जुनीच माहिती दिसत राहते.

५) पुन्हा सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. 'ॲड', 'सिलेक्ट अ प्रिन्सिपल', तुमचं नाव, 'फुल कंट्रोल', ओके. खालची 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज...' ही खूण करा, अप्लाय.

आता डिलीट. मालकी घेणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर नावावर झालं तरी किल्ली वेगळी घ्यावी लागते. वरच्या यादीतल्या ४) पर्यंत येऊन थांबलेले बरेच असतात.

सावधान: हे कधीही अख्ख्या सी ड्राइव्हवर, विंडोज किंवा प्रोग्राम फाइल्स फोल्डरवर करू नका. संदेशात 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे नाव आलं असेल तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. तिथून मागे फिरा. धंद्यात नवा असताना मी एका ग्राहकाच्या मशीनवर एकेक फोल्डर करायचा कंटाळा आला म्हणून सी ड्राइव्हच्या मुळापासून परवानग्या बदलल्या. स्टार्ट मेनू उघडेना, अपडेट चालेनात. रात्री एकपर्यंत बसून विंडोज नव्याने टाकलं, पैसे अर्थातच मागितले नाहीत.

८. नावाची भानगड, आणि मराठी नावांची जास्तच

विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या अख्ख्या वाटेला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. विंडोज १० पासून ती सेटिंग बदलून वाढवता येते, पण फाइल एक्सप्लोरर तरीही जुन्या मर्यादेतच अडखळतो.

आता देवनागरीची गंमत. विंडोज अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं सुटं मोजतं. 'कार्यकारिणी' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, विंडोजच्या मोजणीत तो ११ भरतो. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' मधल्या जागा धरून २२. सोसायटीच्या ऑफिसात ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची धावपळ असते, आणि सेक्रेटरींच्या मशीनवर 'अंतिम'च्या आत 'अंतिम नवीन', त्याच्या आत 'अंतिम दुरुस्त', त्याच्या आत 'अंतिम खरंच' असे फोल्डर साठतात. प्रत्येकाच्या आत तेच लांब नाव. मग बाहेरच्या फोल्डरचं नाव कोणी वाढवलं की आतल्या फाइली मर्यादेच्या पलीकडे जातात. दिसतात, पण ना उघडत ना जात.

उपाय सोपा. वरून सुरुवात करा: सगळ्यात बाहेरच्या फोल्डरचं नाव बदलून एक इंग्रजी अक्षर ठेवा, मग त्याच्या आतल्याचं, असं खाली या. तीनचार नावं छाटली की वाट आखूड होते आणि डिलीट नेहमीसारखं चालतं. नाव बदलू देत नसेल तर आतला फोल्डर कट करून थेट ड्राइव्हच्या मुळाशी आणून पेस्ट करा. झिप फाइली उघडणारं सेव्हन-झिप मशीनवर असेल तर त्याच्या फाइल मॅनेजरमधून शिफ्ट-डिलीट केलं तरी लांब वाटेच्या फाइली जातात, फक्त त्या रिसायकल बिनमध्ये येत नाहीत.

दुसरी भानगड नावाच्या शेवटी आलेल्या रिकाम्या जागेची किंवा टिंबाची. मॅकवरून, लिनक्सवरून किंवा जुन्या बॅकअपमधून आलेल्या फाइलींत हे असतं. तसंच कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१, एलपीटी१ ही नावं विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. त्या नावाची फाइल बाहेरून आली तर अडते. यांना कमांड प्रॉम्प्ट लागतो. स्टार्टमध्ये शोधून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि असं लिहा, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत:

डेल "\\?\डी:\जुने\ऑक्स.टीएक्सटी"

फोल्डर असेल तर:

आरडी /एस "\\?\डी:\जुने\नाव "

अवतरणचिन्हं हवीतच, आणि शेवटी जागा असेल तर ती अवतरणाच्या आत यायला हवी. सुरुवातीचे दोन उलटे दांडे, प्रश्नचिन्ह आणि एक दांडा यांचा अर्थ 'नाव तपासत बसू नको, जसं आहे तसं घे'.

सावधान: 'आरडी'नंतर खात्री करून घेणारा प्रश्न येतो. तो टाळायला '/क्यू' लावतात, तुम्ही लावू नका. त्या प्रश्नात वाट पुन्हा लिहून येते, ती बोट ठेवून वाचा आणि मगच वाय दाबा. इथून गेलेलं रिसायकल बिनमध्ये नसतं.

९. सेफ मोड, आणि डिस्कच आजारी असेल तर

इथवर आलात आणि फाइल अजून धरलेलीच असेल, तर सेफ मोड. त्यात विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी सुरू होतं, त्यामुळे बाहेरचा धरणारा जागा होत नाही. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४.

त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते आणि या वाटेवर ४८ आकडी की विचारली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा जमा असते. आधी मोबाइलवर ते खातं उघडून पाहा, मग रिस्टार्ट करा.

एखादी फाइल सेफ मोडमध्ये गेली आणि साध्या सुरुवातीनंतर पुन्हा उगवली, तर ती कोणीतरी नव्याने बनवतंय. प्रोग्राम अनइन्स्टॉल करा किंवा व्हायरसची पूर्ण तपासणी लावा. फाइलच्या मागे लागून उपयोग नाही.

'राइट प्रोटेक्टेड' आलं तर मेमरी कार्डच्या कडेची छोटी कळ बघा. ती 'लॉक'कडे सरकलेली असेल तर प्रश्न तिथेच संपला. पेनड्राइव्हला कळ नसेल आणि ती अचानक फक्त वाचता येऊ लागली असेल, तर बऱ्याचदा ती आयुष्याच्या शेवटाला आलेली असते. काही पेनड्राइव्ह आतून बिघडल्या की लिहिणं बंद करून टाकतात. आतला डेटा उतरवून घ्या आणि ती फेकून द्या. लॅमिंग्टन रोडवर नवी घ्यायला तुमच्या दोन तासांपेक्षा कमी खर्च येतो.

'करप्टेड' असेल तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, 'चेक'. सी ड्राइव्ह असेल तर तपासणी पुढच्या रिस्टार्टला होऊ शकते. तेव्हा मध्येच बटण दाबून बंद करू नका. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तपासणी लावूच नका. आधी कामाच्या फाइली दुसरीकडे काढा. तपासणी सगळी डिस्क फिरवते, आणि दमलेली डिस्क त्यातच मान टाकते.

१०. काम झाल्यावर मागे फिरा

पॉज केलेलं सिंक 'रिझ्युम' करा. नाहीतर दोन दिवसांनी ऑफिसातली फाइल घरी का आली नाही म्हणून शोधत बसाल. स्टार्टअपमधून डिसेबल केलेला प्रोग्राम लागत असेल तर परत चालू करा. सेफ मोडमधून बाहेर पडायला साधं रिस्टार्ट पुरतं. मालकी घेतलेल्या फोल्डरातलं काही ठेवणार असाल तर घरातल्या दुसऱ्या लॉगिनने ते उघडतंय का पाहा, कारण नव्या परवानग्यांत त्यांचं नाव नसतं.

आणि सुरुवातीला घाईत 'कुलूप तोडणारं' काही उतरवलं असेल तर ते सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढा. यादी तारखेने लावा, म्हणजे त्याच्याबरोबर त्याच दिवशी न विचारता आलेले पाहुणेही दिसतील. काकांच्या मशीनवर गेल्या खेपेला असे चार निघाले.